मोहाची घट आणि हजेरीपट

२०२४ पासून आपल्या राज्यात पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी शनिवार 'आनंददायी' झाला. तसा शासन निर्णयच निघाला. खेळ, योगासनं, चित्रं, गोष्टी, आणि पुस्तकं जरा बाजूला. कल्पना वाईट नाही, मुलांना ती आवडतेही. पण आठवड्यातला एक दिवस आनंदासाठी राखून ठेवताना उरलेल्या पाच दिवसांबद्दल आपण काय कबूल करून बसतो? शिवाय हा झाला मुलांचा आनंद. फळ्यासमोर उभं राहणाऱ्या माणसाच्या आनंदाचं परिपत्रक अजून कोणी काढलेलं नाही.

शिक्षकाला नेमका आनंद कशात मिळतो, याचा शोध डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने घेतला होता. त्याचं 'स्कूलटीचर' हे पुस्तक १९७५ चं. बॉस्टनच्या परिसरातल्या पाच गावांतल्या शिक्षकांना त्याने सविस्तर बोलतं केलं. पगार, सुट्ट्या, प्रतिष्ठा हे सगळं बोलण्यात आलं, पण शेवटी बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबली. आपण सांगितलेलं एखाद्या मुलापर्यंत पोचलं, ते त्याला कळलं, हे डोळ्यांनी दिसतं तो क्षण. हीच त्यांची खरी कमाई. आपल्याकडचे गुरुजी याला 'आज वर्ग रंगला' म्हणतात. लॉर्टीने याच कमाईची दुसरी बाजूही मांडली आहे. शिक्षकाला आपलं शिकवणं पोचलं की नाही याची खात्री कधीच नसते. सुताराला खुर्ची डुगडुगते का ते बसून पाहता येतं. शिक्षकाच्या हाती असतात ते तीस चेहरे आणि एक अंदाज.

हा अंदाज बांधायचा तर मूल कुठून निघालं आहे ते ठाऊक हवं. नंदुरबार जिल्ह्यात सगळं अडतं ते इथेच.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात, त्यात शंभरातले एकोणसत्तर आदिवासी. साक्षरता ६४ टक्क्यांच्या किंचित वर, राज्यात सर्वांत कमी. हे आकडे प्रत्येक भाषणात येतात. भाषणात न येणारी गोष्ट ही, की अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगावच्या डोंगरात, मूल घरी पावरी बोलतं; अक्कलकुवा-तळोद्याकडे वसावी, देहवाली; नवापुरात मावची आणि कोकणी; खाली तापीकाठच्या सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. पुस्तक मात्र सगळ्यांच्या हाती एकच, बालभारतीचं. आणि शिकवायला येणारा माणूस पुष्कळदा धुळ्या-जळगावचा, कधी पार बीडचा. तो शहादा, तळोदा किंवा नंदुरबारात खोली घेऊन राहतो आणि अप-डाउन करतो. गंमत अशी, की खानदेशातला हा शिक्षक स्वतः घरात अहिराणी बोलून वाढलेला असतो आणि शाळेत 'शुद्ध बोल' म्हणून टपल्या खाल्लेला असतो. पण पाड्यावरच्या पहिलीच्या वर्गात उभं राहिल्यावर त्याला ते आठवेलच असं नाही.

जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातल्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये छापला गेला. त्याचा बराचसा भाग भिल्ली बोली आणि खानदेशी यांना दिलेला आहे. म्हणजे इथली मुलं घरी काय बोलतात हे सरकार दरबारी शंभर वर्षांहून अधिक काळ नोंदलेलं आहे. राज्यघटनेत १९५६ मध्ये ३५०-क हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्य गटांतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं ते सांगतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही 'शक्य असेल तिथवर' मातृभाषाच आहे. 'शक्य असेल तिथवर' या तीन शब्दांची हद्द सातपुड्याच्या पायथ्याशीच संपते, असा माझा तरी समज आहे.

परिणाम काय होतो? पहिलीतलं मूल गप्प बसतं. दोन-दोन महिने बसतं. तपासणीच्या शेऱ्यात 'मुले प्रतिसाद देत नाहीत' असं येतं आणि शिक्षकाच्या मनात 'मुलं मंद आहेत' हे बसायला लागतं. तेच मूल मधल्या सुट्टीत शेळ्यांवरून आणि गलोलीच्या नेमावरून इतकं भांडतं, की कोणी मध्ये पडू नये. द्विशिक्षकी शाळेत यावर एक जुनी युक्ती आहे. चौथीतली एखादी चुणचुणीत मुलगी पहिलीच्या ओळीत बसवायची. गुरुजी मराठीत सांगणार, ती पावरीत सांगणार, पोरं पावरीत उत्तर देणार, ती मराठीत परतवणार. खूप शिक्षकांनी ही युक्ती केवळ नाइलाजाने सुरू केली. थोड्या दिवसांनी लक्षात येतं, की या उलट्या प्रवासात शिकत असतात ते गुरुजीच. पोरं काय उत्तर देतायत हे कळू लागलं, की ती चुकीची उत्तरंसुद्धा मजेची वाटायला लागतात, कारण त्यांमागचा विचार दिसतो. लॉर्टीने जिची उणीव सांगितली ती खात्री पहिल्यांदा थोडी हाताशी येते ती अशी.

भाषेइतकंच दुसरं मोठं अंतर आहे वेळापत्रकाचं, आणि ते मला जास्त बोलकं वाटतं. उन्हाळा लागला की शाळा सकाळची होते. ऊन टाळायचं म्हणून हा निर्णय शहाणपणाचाच आहे. पण सातपुड्यात मार्च-एप्रिल म्हणजे मोहाचा हंगाम. फुलं रात्रीतून गळतात आणि गुरं-शेळ्या पोचण्याआधी, ऊन चढण्याआधी वेचावी लागतात. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जागा साफ केलेली असते. कोणतं झाड कोणाच्या घरचं हे ठरलेलं असतं. टोपल्या घेऊन घरचं झाडून सगळं माणूस पहाटे झाडाखाली असतं. पोरं तर पहिली, कारण त्यांना वाकायचा त्रास नाही. म्हणजे शाळेची घंटा आणि मोहाचा सडा एकाच वेळी. हजेरीपटावर त्या महिन्यात गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते, आणि 'पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही' हे वाक्य शिक्षकांच्या बैठकीत पुन्हा एकदा म्हटलं जातं.

आता हेच मोह वर्गात आणून पाहा. एक टोपली ताजी फुलं तराजूवर ठेवायची आणि वजन फळ्यावर लिहायचं. फुलं शाळेच्या अंगणात वाळत घालायची. दुसऱ्या दिवशी वजन, तिसऱ्या दिवशी वजन. आकडा उतरत जातो, निम्म्याच्या खाली जातो, मग एका ठिकाणी अडखळतो. पाचवीच्या वर्गाला इथे आलेख मिळतो, सहावीला गुणोत्तर, सातवीला शेकडेवारी. या सगळ्याला मुलांकडे आधीपासून एक शब्द असतो: घट. फूल मुठीत दाबून 'अजून एक ऊन लागेल' हे सांगणारी आठ वर्षांची पोर वर्गात असते आणि तिच्यापुढे गुरुजी बी.एड. असून अडाणी असतात. बाजारात व्यापारी 'माल ओला आहे' म्हणून वजनात कडता धरतो, तेव्हा आई काय बोलते आणि मग किती किलोवर तोडगा निघतो, हेही तिने पाहिलेलं असतं. त्या कडत्याचे टक्के काढायला तिला शिकवलं, तर ते गणित ती विसरणार नाही. खाली नंदुरबारच्या मिरची बाजारात हाच हिशेब लाल रंगात चालतो. ओली मिरची घ्यायची, पथारीवर पसरायची, वाळवायची आणि घट सोसून विकायची. पथारीवर देठ खुडायला जाणाऱ्या आयांची मुलं शहरातल्या शाळांत बसलेली असतातच.

अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात असाच एक प्रयोग झाला. लुईस मोल आणि त्याचे सहकारी यांनी तो १९९२ मध्ये लिहून ठेवला. मेक्सिकोहून आलेल्या कष्टकरी कुटुंबांची मुलं तिथल्या शाळांत 'कमी पडणारी' समजली जात. काही शिक्षक त्या घरांमध्ये गेले. अट एकच: पालकांना काही सांगायला जायचं नाही, फक्त विचारायला जायचं. एका मुलाच्या घरी कळलं, की हा पोरगा मेक्सिकन गोळ्या-मिठाया आणून गल्लीत विकतो. शिक्षिकेने त्यावरून मुलांकडून एक अख्खा प्रकल्प करून घेतला. मिठाईत काय काय असतं, ती बनते कशी, विकली जाते कशी. शेवटी एक आई वर्गात येऊन मिठाई बनवून दाखवून गेली. आपल्याकडच्या 'गृहभेटी' बहुतेक वेळा उलट्या असतात. गुरुजी जातात ते मूल शाळेत का येत नाही हे सुनावायला, आणि बाप मान खाली घालून 'हो साहेब' म्हणतो. यातून कोणाच्याच पदरात काही पडत नाही.

महाराष्ट्राला हे टूसॉनकडून शिकायची गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखत होती. त्या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली आणि तिला नाव दिलं कुरणशाळा. पाळणाघर आणि बालवाडी प्राथमिक शाळेला जोडून घेतली, कारण मोठी बहीण धाकट्याला काखेत घेऊनच येणार हे त्यांना दिसत होतं. त्याही आधी, १८८२ मध्ये, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं असं मागितलं होतं. शेजारच्या अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. त्यांच्या शिकवण्याबद्दल जे सांगितलं जातं, त्यातला मोठा भाग वर्गाबाहेरचा आहे, छात्रालयातला. मुलांच्या खोल्या झाडणं, त्यांचे कपडे धुणं. त्या गोष्टीतल्या पुण्याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मला तिच्यातला व्यवहार दिसतो. ज्याने पोराची फाटकी चादर घडी करून ठेवली, त्याला त्या पोराच्या घरची परिस्थिती कोणाला विचारावी लागत नाही.

तरी इथे एक पथ्य पाळायला हवं. मुलांचं वास्तव म्हणजे फक्त मोह, होळी आणि डोंगर नव्हे. जिल्ह्यात कित्येक शाळांच्या भिंती हौसेने वारली चित्रांनी रंगवलेल्या दिसतात. वारली लोक पालघर-डहाणूकडचे. इथे भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. आदिवासी म्हटलं की तेच चित्र काढायचं, ही एक प्रकारची झापडच. मुलांच्या आयुष्यातला दुसरा, आणि वाढता, भाग आहे स्थलांतर. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. कोणी उसाच्या फडावर, कोणी गुजरातमध्ये सुरत-बारडोलीकडे मजुरीला. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो आणि पोरं सोबत असतात. परत येणं होळीला. काठीची राजवाडी होळी आणि त्याआधीचे भोंगऱ्याचे बाजार चुकवायचे नसतात. ज्या मुलाला आपण 'डोंगराबाहेर काही पाहिलेलं नाही' असं धरून चालतो, त्याने साखर कारखान्याची मळी पाहिलेली असते, सुरतेच्या इमारतींचे सांगाडे पाहिलेले असतात, आणि गुजराती त्याला गुरुजींपेक्षा बरी येते. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तर तिकडे. 'राज्याची सीमा' हा धडा शिकवायला याहून चांगली जागा देशात क्वचितच सापडेल, आणि वर्गातल्या काही मुलांनी ती सीमा डोक्यावर गाठोडं घेऊन ओलांडलेली असते. त्यांना फळ्यापाशी बोलवा. नकाशा तेच काढतील.

उचलीचा हिशेब मात्र मोहाइतका निरागस नाही. इतकी उचल, टनाला इतका दर, दिवसाला इतके टन, मग फिटायला किती दिवस? गणित म्हणून हा सातवीचा चोख प्रश्न आहे. पण उत्तर आलं की ते मुलाच्या घराबद्दल काहीतरी सांगतं, आणि ते सगळ्या वर्गासमोर सांगतं. इथे शिक्षकाला अंदाज लागतो. आकडे बदलायचे, नावं काढून टाकायची, आणि एखादं पोर त्या दिवशी खाली पाहून बसलं तर त्याला उठवायचं नाही. प्रामाणिकपणा म्हणजे मुलाचं सगळं उघडं पाडणं नव्हे. शिक्षकाला ठाऊक असणं वेगळं आणि वर्गात मांडणं वेगळं.

आणि शिक्षकाने स्वतः प्रामाणिक राहायचं तर त्याची किंमत आहे. हे न बोलता या विषयावर लिहिणं म्हणजे वरवरचं होईल. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पद जातं. म्हणून फडावर गेलेलं पोर कागदावर वर्गातच बसलेलं राहतं. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावून. कागदावरची लाखो मुलं तेव्हा सापडली नाहीत. त्यातली सगळी शिक्षकांची लबाडी नव्हती, पण एक सवय त्यात नक्की होती. मूल खरोखर कुठे आहे हे लिहायचं नाही. मूल ज्या गावी जाईल तिथल्या शाळेने त्याला दाखल करून घ्यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आलं. आई-बाप गेले तरी मूल गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली. दोन्ही योजना चालतात ते केवळ 'हे मूल अमुक तारखेला अमुक ठिकाणी गेलं' असं कोणीतरी खरं लिहिलं तरच. नाहीतर पत्रक द्यायचं कोणाला? जे मूल कागदावर गेलेलंच नाही, त्याच्या शिकण्याचा आनंद किंवा दुःख शिक्षकाला होणार तरी कसं?

दुसरं पथ्य याच्या नेमकं उलट आहे. पावरी ऐकायला गोड आहे म्हणून तिच्यातच थांबायचं नाही. याचा धडा नर्मदाकाठी मिळतो. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याने महाराष्ट्रातल्या ३३ गावांना गाठलं. ती सगळी अक्राणी आणि अक्कलकुव्यातली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनाने चिमलखेडी, निमगव्हाण अशा नर्मदाकाठच्या गावांत जीवनशाळा सुरू केल्या. तिथे सरकारी शाळा कागदावर होत्या, गुरुजी फिरकत नव्हते. गावातलेच तरुण शिक्षक झाले, सुरुवात मुलांच्या बोलीत केली, जंगलातली झाडं आणि नदी अभ्यासात घेतली. पण मुलांना चौथीच्या परीक्षेलाही बसवलं. पाणी चढलं तशा या शाळा उचलून वर नेल्या गेल्या. धरणाबद्दल कोणाचं मत काहीही असो, शिकवणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावी. आपल्या गावाचा निवाडा ज्या कागदांवर होतो ते मराठीत आणि इंग्रजीत असतात, हे त्या आईबापांना पुरतं कळलं होतं. म्हणून त्यांना बोलीही हवी होती आणि प्रमाण मराठीही. 'मुलांच्या संस्कृतीचा आदर' म्हणून वाचन-गणितात ढिलाई देणारा शिक्षक त्यांच्या कामाचा नाही.

मग एवढं सगळं जाणून घ्यायला किती वेळ लागतो? भाषा कानात बसायला एक-दोन वर्षं. कोणाचं कुटुंब कुठल्या मुकादमाबरोबर जातं, कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाचं मोहाचं झाड कुठलं, हे कळायला आणखी एक. म्हणजे तीन वर्षांनी शिक्षकाला वर्ग दिसायला लागतो. आता बदलीचे नियम पाहा. २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन होतात आणि डोंगरातल्या अशा शाळा 'अवघड क्षेत्रा'त मोडतात. तिथे तीन वर्षं काढली की शिक्षकाला सोप्या जागी बदली मागायचा हक्क मिळतो. त्याने तो वापरला तर त्याला नावं ठेवायचं कारण नाही. त्यालाही म्हातारे आईबाप आहेत, मुलांची शाळा आहे. २०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकासारखी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायची ठरली. ते योग्यच झालं, पण नवापूरच्या मावची तरुणाला धडगावची पावरी आपोआप येते असंही नाही. त्यालाही ती शिकावीच लागते. पावरी किंवा वसावी शिकलेल्या शिक्षकाला त्याच पट्ट्यात राहिल्याबद्दल काही भत्ता, काही बढतीचे गुण, निदान सेवापुस्तकात एक नोंद? आज कोणत्या शिक्षकाला मुलांची बोली कळते याचा रकाना बदलीच्या त्या ऑनलाइन अर्जात टाकायला फारसा खर्च येऊ नये.